करगोट्याचं माप

अठरा हजारांची खुर्ची घेतलीस म्हणे. ताई फोनवर कौतुकानं सांगत होती, डोकं टेकायला उशी आहे, पाय पसरायला फळी आहे, दिवसभर उठायलाच नको. ते शेवटचं ऐकलं आणि म्हटलं, आता भाच्याचा कान धरायला हवा.

मी बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर, त्यातली निम्मी डबल डेकरवर. गाडीला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, तरी पाठ टेकायला मिळायची ती डेपोतच. खांद्याला पैशांची पिशवी, हातात तिकिटांचा डबा आणि हलत्या गाडीत तोल सांभाळत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. व्यायाम हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पगार त्यासाठीच मिळत होता.

लंडनला जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या डबल डेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, ती १९५३ मध्ये छापून आली. गाडी तीच, रस्ता तोच. पण बसून गाडी हाकणाऱ्याला हृदयविकार जास्त आणि दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरला कमी. हे वाचून मी आठवडाभर छाती पुढे काढून फिरत होतो. मग कळलं की त्याच मॉरिसांनी पुढे युनिफॉर्मची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी नोकरीला लागतानाच कमरेला मोठ्या निघाल्या! म्हणजे सगळंच श्रेय जिन्याचं नव्हे. आपल्याच शोधाला अशी टाचणी लावणारा माणूस मला आवडतो. स्वतः नव्याण्णव वर्षं जगले.

माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. निवृत्त झालो, चालणं डेपोत जमा केलं आणि चहा तेवढा घरी आणला. दिवसाला सहा कटिंग, प्रत्येकात चमचाभर साखर. एका दुपारी तुझ्या मामीनं हिशेब मांडला. चमच्याला पाच ग्रॅम, म्हणजे दिवसाला तीस, म्हणजे वर्षाला जवळपास अकरा किलो. रेशनची पिशवी डोळ्यांपुढे आली बघ! तोवर रक्तातली साखर वाढायची ती वाढली होती.

साखर एकदम बंद करायला गेलो तर चौथ्या दिवशी नाक्यावरच्या टपरीत चोरून पिताना सापडलो. मग मामीनं युक्ती केली. दर पंधरा दिवसांनी चमच्यातून चिमूटभर साखर कमी, आणि मला सांगायचंच नाही. सहा महिन्यांनी कुणाकडे नेहमीचा चहा प्यायलो तर पाकासारखा लागला. जीभ शिकते, फक्त तिला घाई करू नये. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तेवढं तर आमटी, लोणचं, पापड, फरसाण यांतच संपतं. ताटात वाढतात ते मीठ शास्त्रापुरतं. त्याला बोट लावायचं नाही.

आता म्हणशील, मामा, मी कुठे जाडा आहे? इथेच आपली माणसं फसतात. पुण्याचे डॉक्टर याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. उंचीच्या मानानं वजन काढलं तर आकडा दोघांचा एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नकोस. आईनं लहानपणी तुझ्या कमरेला करगोटा बांधला होता, तसा एक दोरा घे, आपल्या उंचीएवढा काप आणि मधोमध दुमडून कमरेभोवती फिरव. टोकं जुळली नाहीत तर मला फोन कर.

फोन उभ्यानंच करायचा, हे आलंच.

बाकी नेम वगैरे करू नकोस. नेम करणाऱ्याला मोडण्याचीही सवय असते. आमच्याकडे डबल बेल दिली की ड्रायव्हर गाडी काढायचा, मनाला विचारत बसायचा नाही. तशा दोन-चार बेल ठरवून टाक. फोन वाजला, उभा राहा. पाण्याची मोठी बाटली टेबलावरून हलव आणि लहान पेल्यानं स्वयंपाकघरात जाऊन पी, म्हणजे पाण्यासाठी तरी दहा वेळा उठशील. रात्री ताट उचललंस की चपला घाल. शतपावली म्हणतात म्हणून शंभरच मोजू नकोस, दहा-पंधरा मिनिटं चाल. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते नेमकी तेव्हा पायांचे स्नायू ती ओढून घेतात. पहाटे पाच किलोमीटर पळून मग दिवसभर त्या खुर्चीत रुतलास तर माझ्या लेखी तो ड्रायव्हरच.

झोपेबद्दल मी काही बोलत नाही, कारण पाळ्यांच्या ड्युटीनं माझी आयुष्यभर बिघडलेली. तू मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोप, एवढंच. आणि तिशी ओलांडलीस, तेव्हा वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घे. मी दुखेपर्यंत थांबलो होतो.

रविवारी ये. आमची लिफ्ट चालू आहे, पण मामी तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून कोण कसा आला ते बघते. आणि त्या खुर्चीचा फार कंटाळा आला तर इकडे पाठवून दे. मामीला भाजी निवडताना पाठ टेकायला काहीतरी हवंच आहे.