दिल्लीतला फ्लॅट गिऱ्हाइकाला दाखवताना

नोकरीसाठी दिल्लीत आलेली मराठी कुटुंबं निवृत्तीनंतर पुण्या-नाशिककडे परतायला निघाली, की द्वारका, रोहिणी किंवा पटपडगंजमधला फ्लॅट विकायला निघतो. भाव काय धरायचा हे चार जण सांगतात. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला घर दाखवायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं मत थोडक्यात असं: मालकाने कमी बोलावं आणि घराचा दोष गिऱ्हाइकाच्या आधी आपण दाखवावा.

सुरुवात पंचांगापासून करा. पितृपक्षात, म्हणजे इथल्या ‘श्राद्धां’त, घराचा व्यवहार करायला लोक धजत नाहीत. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा खरमासही तसाच. नोव्हेंबरच्या धुरकटीत बाल्कनीतून समोरची इमारत दिसत नाही, तेव्हा ‘पार्क फेसिंग’चं कौतुक ऐकवून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

वेळ ठरवताना उन्हाचा विचार करा. पुण्यात लोक वारा विचारतात; दिल्लीकर विचारतो, ‘सर्दियों में धूप आती है?’ दक्षिणेची बाल्कनी असेल तर जानेवारीत दुपारी बाराच्या सुमारास बोलवा, ऊन खोलीत आत शिरलेलं त्याला स्वतःच दिसेल. मे-जूनमध्ये मात्र सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. रात्री घर दाखवू नका. दिव्याखाली भिंतीची ओल झाकली जाते आणि ते गिऱ्हाइकालाही माहीत असतं.

घराची तयारी फार नाही. सगळे दिवे लागतात का, नळ गळतो का, संडासाचा फ्लश चालतो का, एवढं बघा. विकण्याआधी रंगरंगोटीवर मोठा खर्च करू नका. नव्या रंगाचा वास आला की ‘सीलन’ झाकली असेल असाच संशय पहिल्यांदा येतो. तळमजल्याच्या भिंतीतून पांढरी पावडर सुटत असेल तर ती तशीच ठेवा आणि दाखवा. बाल्कनी बंद करून खोली केली असेल, डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) जुन्या फ्लॅटांत ती सर्रास केलेली असते, तर तिची परवानगी आहे की नाही हेही आपणच सांगून टाका. आणि हो, त्या रविवारी सुक्या बोंबलाचा बेत नको. आयएनए मार्केटातून आणलेली मासळी आपल्याला कितीही प्रिय असली, तरी येणारं कुटुंब शुद्ध शाकाहारी असण्याची शक्यता इथे बरीच आहे.

दागिने, बँकेची कागदपत्रं, मुलांच्या शाळेचं नाव दिसणारे फोटो कपाटात कुलूपबंद करा. घरात एकटं असताना कुणालाही वर बोलावू नका, शेजाऱ्यांना कळवून ठेवा. डीलर माणूस घेऊन येणार असेल तर नाव आणि फोन नंबर आदल्या दिवशी मागा आणि गेटवर नोंद झाल्याशिवाय आत सोडू नका. डीलर दोन्ही बाजूंकडून साधारण एकेक टक्का घेतो. त्याला किल्ली मात्र देऊ नका.

आता एक कागद तयार करा. त्यावर प्रत्येक खोलीचं टेपने मोजलेलं माप लिहा. ‘सुपर एरिया’ सांगून मोकळं होण्याचे दिवस गेले. रेरा कायदा २०१६ मध्ये आल्यापासून लोक कार्पेट एरिया विचारतात. त्याच कागदावर पाण्याची वेळ, दरमहा मेंटेनन्स, पार्किंगची जागा आणि वीज गेल्यावर जनरेटर किती भार घेतो, हे लिहा. शेजारच्या नोएडात पाण्यातले क्षार (टीडीएस) मोजायचं यंत्र खिशातून काढणारे भेटतात. त्यांना नळ दाखवा आणि बाजूला उभे राहा.

मालकीचा प्रश्न हमखास येतो: ‘रजिस्ट्री है या पावर ऑफ अटर्नी?’ नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच टोकदार झाला. डीडीए फ्लॅट फ्रीहोल्ड करून घेतला असेल तर ते आधी सांगा. नोएडात जमीन प्राधिकरणाची, ९० वर्षांच्या लीजवर; तिथे हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कुणी भरायचं, हे पहिल्याच भेटीत बोला. तिथल्याच सेक्टर ९३-अ मधले जुळे टॉवर बेकायदा ठरून २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडले गेले, आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मागणाऱ्याला आता कुणी शंकेखोर म्हणत नाही. मूळ कागद दाखवू नका, झेरॉक्स दाखवा, तीही ‘फक्त पाहण्यासाठी’ असं आडवं लिहून.

प्रत्यक्ष दाखवताना क्रम असा: आधी सगळ्यांत उजेडाची खोली, मग स्वयंपाकघर, मग झोपण्याच्या खोल्या, शेवटी बाल्कनी, आणि तिथे त्यांना पाच मिनिटं एकटं सोडा. पंजाबी कुटुंब आलं तर मामा, मेहुणा आणि वास्तूवाले पंडितजी सोबत असतील. आधी पाणी विचारा. चहा दुसऱ्या भेटीला. संडास ईशान्येला आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर वाद घालू नका. त्यांना ते घर नको असेल, किंवा भाव पाडायचा असेल. दोन्ही वेळा वाद निरुपयोगी.

‘कब जा रहे हैं?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला तारीख सांगू नका. तुम्हाला घाई आहे, एवढंच त्यातून कळतं. ‘आखिरी कितना?’ला घरात उत्तर नाही. ‘आधी घर पसंत आहे का ते सांगा’ एवढंच म्हणा. कुणी काही रक्कम रोख देतो म्हणालं, तर २०१५ पासून घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, हे सांगून विषय संपवा. ५० लाख किंवा त्यावरच्या किमतीवर खरेदीदार एक टक्का आयकर (तोही टीडीएसच म्हणतात) कापतो. तो आकडा आपल्या हिशेबात आधीच धरा.

घर आवडलं की तिथल्या तिथे ११ किंवा ५१ हजारांचं ‘टोकन’ पुढे करण्याची इथे रीत आहे. ते घेऊ नका. बयाना घेऊन विकणारा मागे फिरला तर दुप्पट परत मागण्याची प्रथा आहे, आणि उद्या दुसरं गिऱ्हाईक जास्त देणारं आलं तर तुम्ही अडकता. दुसऱ्यांदा टेप आणि मिस्त्री घेऊन येणारा माणूसच खरा खरेदीदार. त्याच्याशी बयान्याचा करार वकिलाकरवी करा आणि त्यात गीझर, एसी, इन्व्हर्टर, चिमणी यांतलं काय राहणार आणि काय जाणार हे एकेक करून लिहा. पंखेसुद्धा.