मोशी ते दिल्ली : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

पुणे-नाशिक महामार्गावर, इंद्रायणीच्या काठी वसलेल्या मोशी गावाचा समावेश १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला. दक्षिणेस भोसरी व उत्तरेस चाकण या औद्योगिक क्षेत्रांमुळे उत्तर भारतातील अनेक कामगार कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. गावाकडून आजारपणाचा निरोप आला की ‘दिल्ली विमानाने किती तासांवर?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना अंतराचा आणि वेळेचा हिशेब स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

प्रथम अंतर पाहू. पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १८.६ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे; दिल्लीचा विमानतळ २८.६ व ७७.१ अंशांवर. अक्षांशांतील फरक १० अंशांचा. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून उत्तरेकडील अंतर १,११० किलोमीटर भरते. रेखांश मात्र ध्रुवांकडे जवळ येत जातात. या दोन शहरांच्या मध्यावर एक रेखांश सुमारे १०२ किलोमीटरचा असल्याने ३.२ अंशांचे ३२६ किलोमीटर होतात. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजेच हवाई अंतर, सुमारे १,१६० किलोमीटर येते. लोहमार्गाने हेच अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे ८७ मिनिटांत तुटावयास हवे. प्रत्यक्षात वेळापत्रकात दोन ते सव्वादोन तास दिलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठताना व उतरताना मंदावणारा वेग, ठरवून दिलेले हवाई मार्ग आणि उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा यांत उरलेला वेळ जातो. वाऱ्याची दिशाही परिणाम करते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीतील दाट धुक्यामुळे विलंब संभवतो.

प्रवाशाचा प्रवास मात्र धावपट्टीवर नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. मोशीहून लोहगाव सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटरच आहे. तरीही गर्दीच्या वेळी रस्त्यात एक तास सहज लागतो. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे इष्ट असते. दिल्लीत सामान घेऊन शहरात जाण्यास आणखी एक तास धरला, तर एकूण वेळ सहा तासांच्या पुढे जातो. म्हणजे घरापासून घरापर्यंतचा सरासरी वेग ताशी २०० किलोमीटरही भरत नाही. आगगाडीच्या सुमारे वीस तासांच्या मानाने हा लाभ मोठा असला, तरी तो ‘दोन तासांचा’ नव्हे.

म्हणून सकाळी दहाच्या विमानासाठी मोशीतून सातपूर्वी निघणे श्रेयस्कर होय. आकाशातील दोन तास प्रवाशाच्या हाती नसतात. उंबरठ्यापासून धावपट्टीपर्यंतचा वेळ मात्र त्याला आधीच राखून ठेवता येतो.