लांबीची नोंद

मेहकर, जि. बुलढाणा

चि. बाळास,

ए.एस./४०० वरील आर.पी.जी. प्रोसीजरला मिळालेल्या पॅरामीटरची लांबी कधी बिनचूक कळते आणि कधी भलतीच निघते, ही तुझी कैफियत वाचली, आणि दोष तू शोधतो आहेस त्या प्रोसीजरमध्ये नसून तिला बोलावणाऱ्यांच्या दप्तरात असावा, असे माझे मत झाले.

संदर्भाने दिलेल्या पॅरामीटरचा स्मृतीतील केवळ पत्ता पोहोचतो. लांबी आपोआप पोहोचत नाही. शिवारातील शेताचा एक कोपरा दाखवून, क्षेत्र न सांगता, नांगर हाती दिला, तर शेजाऱ्याचे वावर कधी सुरू झाले हे नांगरणाऱ्यास कसे कळावे? ‘व्हारसाइझ’ लिहून आखूड चल पाठविले, तरी ‘लेन’ हे फंक्शन प्रोटोटाइपमध्ये जाहीर केलेलीच लांबी सांगते, आणि तिच्यावर विसंबून लिहिलेला मजकूर हद्दीपलीकडे जातो. यासाठी ‘ओपडेस्क’ लिहून वर्णनपत्र मागवावे आणि ते ‘सीईईडीओडी’ने वाचावे, ही सोय आहे; परंतु ते पाठविण्याचे काम बोलावणाऱ्याचे असल्यामुळे, जुन्या प्रोटोटाइपवर कंपाइल झालेला एखादा प्रोग्रॅम ते पाठवीतच नाही, आणि तुझ्या ‘कधी-कधी’चे मूळ मला तेथेच दिसते. म्हणून प्रोटोटाइपची एकच प्रत ठेवून सर्व बोलावणारे पुन्हा कंपाइल कर.

सी.एल.मधून प्रोग्रॅमला ‘कॉल’ केल्यास प्रकरण अधिक फसवे होते. तेथे ३२ अक्षरांपर्यंतचा शब्दशः मजकूर रिकाम्या जागा भरून ३२ अक्षरांचा केला जातो, त्याहून मोठा असल्यास आहे तेवढाच जातो. आणि अंक १५ स्थानांच्या, ५ दशांशांच्या पॅक्ड रूपात जातो. पन्नास अक्षरांची अपेक्षा करणाऱ्या प्रोग्रॅमला आलेल्या मजकुरापुढे स्मृतीत योगायोगाने जे असेल तेच वाचावे लागते, आणि योगायोगाने तेथे रिकाम्या जागा असल्या की चाचणी निर्वेध पार पडते. तेव्हा ‘डीसीएल’ने पूर्ण लांबीचे चल जाहीर करून तेच पाठव.

जेथे बदल करावयाचा नाही तेथे ‘व्हेरिइंग’ आणि ‘कॉन्स्ट’ यांची जोड मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण मजकुराच्या आरंभीच दोन बाइटांत लांबी लिहिलेली असते. जेथे बदल करावयाचा, तेथे लांबी स्वतंत्र पॅरामीटर म्हणून माग. प्रथम बोलावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या कंपाइलची तारीख तपास, आणि काय आढळले ते मला सविस्तर कळव.

तुझा,
काका