तार त्यालाच चढवू द्या

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे बाबा क्लास सुटल्यावर थांबले. मुलगा आठवीतला. "सर, ह्याचं गिटारवरून मन उडालंय. आठ-आठ दिवस हात लावत नाही. विकून टाकावी का?" मी गिटार मागून घेतली. जाड तारेखाली बोट घालून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवलं, तर पेर काळं झालं. तार फ्रेटवर जिथे जिथे दाबली जाते तिथे नखाला लागतील असे खळगे पडले होते आणि बारीक तारांवर तांबूस गंज होता. दुकानातून आली त्या दिवशीच्याच तारा दोन वर्षांनीही तशाच होत्या. अशा तारेवर सूर लागता लागत नाही आणि बोटं खरवडतात ती वेगळीच. पोराचं मन कशाने उडालं, ते माझ्या बोटाला लागलेलं होतं.

म्हणून ही विनंती. रोज तासभर इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या तारा दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात. आपल्याकडे मुंबई-कोकणात, त्यातून पावसाळ्यात, त्याआधीही बदलाव्या लागतात. घाम आणि दमट हवा पोलादाला सोडत नाहीत. काहीशे रुपयांचा सेट येतो. आणि तो बसवायला गिटार दुकानात पाठवू नका. मुलाला, मुलीला स्वतः बसवू द्या. तुम्ही शेजारी बसा.

सेट घेताना पाकिटावर 'इलेक्ट्रिक' लिहिलंय ना, एवढं बघा. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर ब्राँझचा वेढा असतो. इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीची तांब्याची गुंडाळी. त्याला पोलाद आणि निकेलच नीट ऐकू येतं. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. लहान हातांना 9 ते 42 चा सेट बरा. कॅलिफोर्नियात गिटार शिकवणारे अर्नी बॉल यांना नवशिक्यांची बोटं तिसऱ्या तारेवर दुखताना दिसली, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बारीक तारांचे सेट बनवून घेतले. पुढे नावाजलेले वादकही तेच वापरू लागले. बोटं दुखली म्हणून तुमचं मूल कच्चं ठरत नाही, हे मला त्या हकिगतीतून सांगायचंय. एकदा जाडी ठरली की मात्र तीच ठेवा. ती बदलली की दांड्यावरचा ताण बदलतो आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.

आता प्रत्यक्ष काम. जमिनीवर चादर, गिटारच्या दांड्याखाली घडी केलेला टॉवेल, हाताशी कटर. 9 च्या सेटच्या सहा तारा सुरात असताना मिळून साधारण 38 किलोचा ताण धरून असतात. म्हणून तार आधी पूर्ण ढिली करायची आणि मगच कापायची. ताणलेली तार कापली तर ती तोंडावर येते. मुलाला चष्मा असेल तर काढू देऊ नका. ब्रिजला दांडी असेल, म्हणजे ट्रेमोलो असेल, तर एक तार काढून तिथे नवी चढवायची आणि मगच पुढची. सगळ्या एकदम काढल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढून घेतात आणि घरात घबराट होते.

तारेच्या टोकाला छोटा पितळी मणी असतो, तो ब्रिजमध्ये अडकतो. दुसरं टोक खुंटीच्या भोकातून ओवायचं आणि बोटाच्या दोन पेरांएवढी ढील ठेवायची. खुंटी फिरवताना प्रत्येक वेढा आधीच्या खाली बसला पाहिजे. इथेच मुलं अडतात. वेढे एकमेकांवर चढतात, तार निसटते, पुन्हा ओवावी लागते. तुमचे हात शिवशिवतील. बाबांनो, विशेषतः तुमचे! पक्कड हातात घेऊ नका. पाणी आणून द्या, दिवा जवळ ओढा, पण खुंटी त्याच्याच हातात राहू द्या.

एखादी तार तुटेलही, बहुधा सगळ्यात बारीक. ट्यूनरवर 'ई' दिसतो, पण मुलाला तो एक सप्तक खालचा वाटतो. मूल आणखी पिळत जातं आणि कट्टकन आवाज येतो. त्या क्षणी त्याची नजर आधी तुमच्याकडे जाते. "पैसे गेले" हे शब्द तेव्हा तोंडातून निघू नयेत, एवढं मी हात जोडून सांगतो. घरात एक सुटी बारीक तार आणून ठेवा.

शेवटी कापलेले तुकडे मोजायचे. सहाच्या सहा सापडल्याशिवाय चादर झटकायची नाही. त्या टोकाने पाय रक्ताळतो आणि घरात रांगतं बाळ असेल तर विषयच नको.

त्या आठवीतल्या मुलाने रविवारी तारा बदलल्या. अडीच तास लागले म्हणे. सोमवारी सकाळी बाबांचा फोन, "सर, पुन्हा बेसूर झाली, काही चुकलं का?" मी उत्तर द्यायच्या आत मागून मुलाचा आवाज आला, "बाबा, नवी तार ताणली जातेय अजून. दोन दिवस उतरणारच." आणि खुंटी फिरल्याचा आवाज ऐकू आला.