शालेय विद्यार्थ्यांसाठी हरित कौशल्ये : भाताच्या पेंढ्यातून शाश्वत विकासाचा पाठ

प्रस्तावना

शाळेत पर्यावरण शिकविणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कौशल्य विषयांत ‘हरित कौशल्ये’ हा स्वतंत्र घटक आहे. नववी-दहावीच्या १०० गुणांच्या कौशल्य विषयात रोजगारक्षमता कौशल्यांना १० गुण असून हरित कौशल्ये हा त्यातील पाच घटकांपैकी एक होय. मात्र व्याख्या पाठ करून गुण मिळविता येतात. कौशल्य हे मोजमाप, निरीक्षण आणि निर्णय यांच्या सरावानेच अंगी बाणते. हा सराव घडवून आणण्यात विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांचा वाटा मोठा ठरू शकतो.

दिल्ली परिसर हीच प्रयोगशाळा

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीसोबत हरियाणातील सोनीपत, पानिपत, कर्नाल यांसारखे भात-गहू पिकविणारे जिल्हेही येतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील धुराने त्रस्त होणारे विद्यार्थी आणि ज्यांच्या शिवारात पेंढा शिल्लक राहतो ते विद्यार्थी एकाच क्षेत्रात राहतात.

पेंढा का जाळला जातो, या प्रश्नाचे उत्तर ‘शेतकऱ्यांचे अज्ञान’ असे देणे अपुरे आहे. भूजल वाचविण्यासाठी पंजाब आणि हरियाणाने २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी ठरावीक तारखेपूर्वी करण्यास मनाई केली. त्यामुळे पाण्याची बचत साधण्यास मदत झाली, पण कापणीही पुढे सरकली. कंबाईन यंत्राने कापणी केल्यावर धसकटे उभी राहतात आणि पेंढा शेतात विखुरतो. गव्हाच्या पेरणीला मात्र अवघे काही आठवडे उरतात. एका संसाधनाचे रक्षण करताना दुसऱ्यावर ताण येऊ शकतो, हे शाश्वत विकासाचे मूलतत्त्व या उदाहरणातून विद्यार्थ्यांना सहज उमगते.

पुसा डिकंपोझर

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने पेंढा शेतातच कुजविण्यासाठी बुरशींचे मिश्रण विकसित केले आहे. दिल्ली सरकारने २०२० पासून भाताच्या शेतांवर त्याची फवारणी केली. कॅप्सूलपासून द्रावण पुढीलप्रमाणे तयार होते :

- १५० ग्रॅम गूळ ५ लिटर पाण्यात उकळून वरची मळी काढावी व पाणी थंड करावे.
- त्यात ५० ग्रॅम बेसन व ४ कॅप्सूल मिसळून भांडे पातळ कापडाने झाकावे.
- सुमारे चार दिवसांत बुरशीचा थर दिसू लागल्यावर दर दोन दिवसांनी ५ लिटर गुळाचे थंड पाणी घालून द्रावण २५ लिटर करावे.

एवढे द्रावण पाण्यात मिसळून एक हेक्टरवर फवारता येते. फवारणीनंतर पेंढा मातीत मिसळणे व ओलावा टिकविणे आवश्यक असते. कुजण्यास साधारण २० ते २५ दिवस लागतात. पेरणीला त्याहून कमी अवधी असल्यास, उभ्या धसकटांत पेरणी करणारे यंत्र किंवा पेंढ्याच्या गाठी बांधणे हे पर्याय विचारात घ्यावे लागतात. कोणता पर्याय केव्हा निवडावा, हा निर्णय घेता येणे हेच खरे हरित कौशल्य होय.

शाळेत करावयाचा प्रयोग

१. वाळलेला पेंढा समान लांबीचे तुकडे करून समान वजनाने, उदाहरणार्थ प्रत्येकी १०० ग्रॅम, नायलॉनच्या सहा जाळीदार पिशव्यांत भरावा.

२. तीन पिशव्यांवर द्रावण आणि उरलेल्या तीन पिशव्यांवर तेवढेच साधे पाणी शिंपडावे. दोन्ही गट एकाच प्रकारच्या मातीत, पण वेगवेगळ्या वाफ्यांत सारख्याच खोलीवर पुरावेत.

३. दोन्ही वाफ्यांत ओलावा सारखा राखावा आणि रोजच्या नोंदी ठेवाव्यात.

४. पंचवीस दिवसांनी पिशव्या काढून माती धुवावी, पेंढा पूर्ण वाळवावा व वजन करावे. घटलेले वजन म्हणजे कुजलेला भाग.

प्रत्येक गटात तीन पिशव्या घेण्याचे कारण विद्यार्थ्यांनाच विचारावे. एका पिशवीतील फरक योगायोगाने पडू शकतो. तिन्हींत सारखा कल दिसला तर निष्कर्षाला बळ मिळते. अपेक्षित फरक न दिसल्यास तीही महत्त्वाची नोंद समजावी आणि ओलावा, तापमान व पेंढ्याचा आकार तपासावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- प्रयोगाचा काळ स्थानिक कापणीशी जुळवावा, म्हणजे विद्यार्थ्यांना शेतातील निकड कळते.
- राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी सुचविलेला दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी शिवारभेटीसाठी वापरावा. दिल्ली परिसरात उजवा व शिकोहपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांशी शाळांना संपर्क साधता येईल.
- महाराष्ट्रात भाताच्या पेंढ्याऐवजी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचा भुसा घेता येईल. अवशेष बदलल्यास कुजण्याचा वेग बदलतो, त्यामुळे कालावधी स्थानिक शिफारशीनुसार ठरवावा.
- मूल्यमापन कृतीवर करावे : विद्यार्थ्याला मुठीत दाबून ओलावा ओळखता येतो का, वजनाची नोंद अचूक ठेवता येते का, निष्कर्षाचे कारण सांगता येते का, हे पाहावे.

निष्कर्ष

आज नववीत असलेला विद्यार्थी थोड्याच वर्षांत शेतीचे निर्णय घेऊ लागेल किंवा शेतमालाचा ग्राहक म्हणून त्या निर्णयांवर प्रभाव टाकेल. पेंढा जाळावा की मातीत परतवावा, हे ठरविताना त्याच्याजवळ घोषवाक्यापेक्षा स्वतः केलेल्या मोजमापाचा आधार असणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी शाळेला खर्चिक साधनांची गरज नाही. सहा पिशव्या, एक तराजू आणि जवळच्या शेतकऱ्याची साथ पुरेशी आहे.