तीन राजांच्या हातात काय आहे?



प्रभू प्रकटीकरणाचा सण जवळ आला की आपण गोठ्यातल्या तीन राजांच्या मूर्ती गव्हाणीजवळ आणून ठेवतो. त्यांच्यातला एक वृद्ध, एक मध्यमवयीन आणि एक काळ्या वर्णाचा तरुण असतो. हे सारे शुभवर्तमानातच आहे, असे आपण धरून चालतो. पण मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात ‘राजे’ हा शब्द नाही, तीन हा आकडा नाही आणि कोणाचा वर्णही सांगितलेला नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले व त्यांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केले, एवढेच तेथे आहे. बाकीचे परंपरेने व चित्रकारांनी भरले. चित्रकारांनी ते कोठून आणले, याचा शोध घेऊ लागलो की आपण युरोपच्या बंदरांवर जाऊन पोहोचतो. आज अशी काही चित्रे पाहू या.

परदेशी माल, पवित्र चित्र

१४२३ साली जेंतिले दा फाब्रियानो याने फ्लॉरेन्सचा सावकार पाल्ला स्त्रोत्सी याच्यासाठी ‘ज्ञानी लोकांचे वंदन’ हे चित्र पूर्ण केले. त्यात पवित्र मरीयेच्या तेजोवलयात अरबी अक्षरांसारखी नक्षी आहे. वाचू गेले तर अर्थ लागत नाही. इजिप्त व सीरियाहून इटलीत येणाऱ्या पितळी ताटांवर व कापडांवर अशी अक्षरे असत. मुसलमान कारागिरांची ही कला व्यापाऱ्यांच्या हातून आली आणि थेट आपल्या मातेच्या मस्तकाभोवती विराजमान झाली.

सुमारे १५०० साली आंद्रेया मान्तेन्या याने याच विषयावर काढलेले चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात वृद्ध राजाच्या हातात सोन्याच्या नाण्यांनी भरलेली, निळ्या नक्षीची चिनी वाटी आहे. तेव्हा युरोपात अशी वाटी कोणालाच घडवता येत नव्हती. दुसऱ्याच्या हातात तुर्की धूपदाणी, तर तिसऱ्याच्या हातात अकीक दगडाचे झाकणाचे पात्र आहे. दूरदेशाहून आलेली सर्वांत मोलाची वस्तू बाळ येशूच्या पायाशी ठेवावी, ही भावना त्यामागे दिसते.

माणसेही आली

जहाजांतून माणसेही येत होती. चित्रातला तिसरा राजा आफ्रिकी दिसू लागला, तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाला. त्याच काळात, १४४४ साली, पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ आफ्रिकी स्त्री-पुरुष व मुले गुलाम म्हणून उतरवून वाटून घेण्यात आली. वेदीवर राजा आणि धक्क्यावर गुलाम, असे हे दृश्य होते.

पुढे १५०० साली पेद्रो आल्व्हारेस काब्राल याचा ताफा आपल्या कोझिकोडकडे निघाला असता वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत पोर्तुगालमधील व्हिसेउ शहराच्या कॅथेड्रलसाठी वास्को फर्नांडिस व त्याच्या सहकाऱ्यांनी वेदीची चित्रे रंगवली. त्यात आफ्रिकी राजाच्या जागी ब्राझीलचा आदिवासी उभा आहे. त्याच्या डोक्यावर पिसांचा मुकुट आहे, जवळ बाण आहे व हातात नारळाच्या करवंटीचा प्याला आहे. नारळ मात्र ब्राझीलचा नव्हे, तो आपल्याकडच्या समुद्रकिनाऱ्यांचा! पूर्व आणि पश्चिम दोन्ही त्या एका आकृतीत एकत्र आले.

पण लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात त्याच शतकाच्या पूर्वार्धातले नरकाचे एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव ज्ञात नाही. त्यात सिंहासनावर बसलेल्या सैतानाच्या डोक्यावर तसाच पिसांचा साज आहे. म्हणजे एका चित्रात तो आदिवासी बाळ येशूला वंदन करणारा राजा आणि दुसऱ्या चित्रात त्याचाच साज सैतानाच्या डोक्यावर!

आपण काय शिकावे?

ख्रिस्तसभेतही हा झगडा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला परक्यांना गुलाम करण्याची मुभा दिली. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी ‘सुब्लिमिस देऊस’ या पत्राद्वारे जाहीर केले की हे आदिवासी खरीखुरी माणसे आहेत व त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता कोणीही हिरावू नये. तरीही गुलामांचा व्यापार पुढे शतके चालू राहिला. २०२३ साली परमधर्मपीठाने अशा जुन्या फर्मानांवर उभारलेला ‘शोधाचा सिद्धांत’ आपण नाकारतो, असे स्पष्ट केले.

वस्तूचे स्वागत करणे सोपे असते. चिनी वाटी सर्वांनाच हवी होती. ती घडवणाऱ्याला, वाहून आणणाऱ्याला, परक्या किनाऱ्यावर उतरलेल्याला गव्हाणीजवळ जागा देणे अवघड गेले.

चिंतनासाठी

१. दूरगावाहून आपल्याकडे कामाला आलेल्या माणसाचे श्रम आपण घेतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

२. आपल्या मनातल्या चित्रात तो कोठे उभा आहे, गव्हाणीजवळ की दाराबाहेर?