पांढऱ्या कुत्र्याला नीळ लावू नका

परवा एका आजींनी आपला पॉम माझ्या टेबलावर ठेवला. (आपल्याकडे ज्याला पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण आजींपुढे मी तो विषय काढला नाही.) केस बाजूला सारून पाहिले तर कातडी लालबुंद, पोटावर कोंड्याचे पापुद्रे आणि मागच्या पायाशी फिकट निळा डाग. ''ह्यांच्या सदऱ्यांना घालते तीच नीळ हो, दोनच थेंब. आधी भांड्यांच्या साबणाने स्वच्छ धुतला होता.''

नीळ त्यांना सुचली यात नवल नाही. पांढऱ्या कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच 'व्हाइटनिंग' शाम्पूंत तीच युक्ती असते. त्यातल्या निळसर-जांभळ्या रंगामुळे पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. कुत्र्यांसाठीच बनवलेला असा शाम्पू लग्नाकार्याच्या आधी एखाद्या वेळी वापरलात तर माझी हरकत नाही. पण केस ब्लीच करणारं, पेरॉक्साइड असलेलं काही अंगाला लावू नका.

खरी चूक भांड्यांच्या साबणाची. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर तीन ते पाच पेशींइतकाच जाड असतो. आपला दहा-पंधरा पेशींचा. शिवाय आपली कातडी आम्लधर्मी, पीएच साडेपाचच्या आसपास, आणि कुत्र्याची सातच्या जवळ. म्हणून आपला महागडा शाम्पूही त्याला सोसेलच असं नाही. ''मग बेबी शाम्पू?'' हे मला रोज विचारतात. अडीनडीला एकदा चालेल, नेहमी नको. कुत्र्यांचाच, ओटमील किंवा कोरफड असलेला, कमी वासाचा शाम्पू घ्या. फेस कमी आला म्हणून तो वाईट ठरत नाही. टी ट्री ऑइल असलेला टाळा. औषधी शाम्पू मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नका, केस पांढरे करणं हे त्याचं कामच नाही.

आणि बाटली घेण्याआधी पिवळेपणा नेमका कुठे आहे ते बघा. डोळ्यांखालचे तांबूस ओघळ अश्रूंतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतात. ते रोज ओल्या कापसाने पुसून लगेच कोरडे करा. डोळे सतत पाझरत असतील तर आधी डोळे तपासून घ्यायला हवेत. पंजे विटकरी झाले असतील तर कुत्रा ते चाटतोय, कारण लाळेतही तेच द्रव्य असतं. बोटांच्या बेचक्यात आंबूस वास येत असेल तर बुरशी किंवा अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. तिथे शाम्पू बदलत बसण्यात महिने जातात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मागच्या पायांवरचा पिवळा रंग बहुधा लघवीचा. सगळं अंगच मळकट दिसत असेल तर मागच्या अंघोळीचा शाम्पू नीट निघालेला नसतो.

अंघोळीआधी केस विंचरा. गुंता पाण्यात आणखी आवळतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. शाम्पू मगभर कोमट पाण्यात पातळ करून घ्या, डोळ्यांत-कानांत जाऊ देऊ नका, आणि लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवा. काखा आणि पोट हमखास राहून जातात. गोचिडांचं औषध मानेवर सोडलं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे.

पावसाळ्यात मात्र अंघोळीपेक्षा पुसण्याकडे लक्ष द्या. स्पिट्झच्या वरच्या केसांखाली दाट लव असते. वरून हात फिरवला तर कोरडी वाटते, बोटं आत घाला म्हणजे ओल लागेल. ती तशीच राहिली की एका रात्रीत कातडीवर ओला, चिकट चट्टा उठतो. आधी पंच्याने टिपा, मग ड्रायर गार हवेवर ठेवून मुळापर्यंत वाळवा.

खाज, लाली किंवा कुबट वास असेल तर दवाखान्यात आणा. येताना शाम्पूची बाटलीही आणा, मागची बारीक अक्षरं मला वाचायची असतात.